कोतवाल, पाडस आणि खाली उतरलेली वानरी

मुलांनो, नदीच्या दोन वळणांमध्ये सागाचे एक जंगल होते आणि त्या जंगलात चितळांचा एक कळप आणि वानरांची एक टोळी अगदी सख्ख्या शेजाऱ्यांसारखी राहत असत. सख्खे शेजारी म्हणजे अधूनमधून भांडणेही आलीच. वानर झाडावर बसून कोवळी पाने अर्धी खात आणि अर्धी खाली टाकत, ती चितळे वेचून खात. वानरांना वरून लांबचे दिसे, चितळांना खालून लांबचा वास येई. बिबट्या कोणत्याही बाजूने आला तरी दोघांपैकी एकाला आधी कळे, तो हाक देई आणि दुसरा वाचे. फार जुना घरोबा होता हा.

पण नुसती हाक देऊन काय उपयोग? ऐकणाऱ्याला ती ओळखता आली पाहिजे. म्हणून त्या जंगलात एक रीत होती. ऊन उतरले की सगळ्या आया आपापल्या पिल्लांना एका मोठ्या ऐनाच्या झाडाखाली आणत आणि तिथे हाकांचा पाठ चाले. वानराची कोणती हाक नुसत्या भांडणाची, कोणती फळे सापडल्याची आणि कोणती बिबट्याची, हे एक म्हातारी वानरी खालच्या फांदीवर बसून शिकवी. ती भारी कडक होती. एखादे पिल्लू डुलकी घेऊ लागले की त्याच्या नाकावर नेम धरून सालपट टाकी. "बिबट्याची हाक आली की आधी पळायचं, मग विचारायचं," हे ती इतक्यांदा म्हणे की पिल्ले तिच्या आधीच ते म्हणून मोकळी होत. पाठ कंटाळवाणा होता, हे मला मान्य आहे. रोज त्याच त्या हाका ऐकायला कोणाला आवडेल?

त्या कळपात एक पाडस होते. पायांनी चपळ आणि कानांनी फार हौशी. कुठे जरा खुट्ट झाले की सगळ्यांच्या आधी याचे कान तिकडे वळत. त्याच्या आईला त्याचे कौतुकही वाटे आणि काळजीही वाटे. आयांचे असेच असते.

ऐनापासून जवळच एक गवताळ माळ होता. तिथे एक कोतवाल पक्षी राहत असे. काळा कुळकुळीत रंग, टोकाला दुभंगलेली शेपटी आणि गळ्यात नकलांचे कोठार. मोर, पोपट, खार, वानर, ज्याचा म्हणाल त्याचा आवाज तो हुबेहूब काढी. गडी शूरही होता. घार घरट्यांकडे फिरकली की तिच्या डोक्यावर चोची मारून तिला पिटाळून लावी, त्यामुळे लहान पाखरे त्याच्या झाडावर बिनधास्त घरटी बांधत. त्याचे खाणे म्हणजे गवतातले नाकतोडे. पण ते शोधत बसण्यापेक्षा, एखादा प्राणी गवतातून चालला की जे उडतात ते वरच्यावर टिपणे त्याला सोपे वाटे. यात कोणाचे काही वाईट नव्हते.

एके दिवशी ते पाडस माळावरून चालले असताना कोतवालाने सहज मोराची नक्कल केली. पाडस थबकले. आनंदाने त्याने जागच्या जागी उड्या मारल्या आणि गवतातून भराभर नाकतोडे उडाले. कोतवालाने पोटभर खाल्ले. 'अरे, हे तर छान झाले,' असे त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी त्याने पोपटाचा आवाज काढला, पाडस थोडे ऐकून निघून गेले. कोतवालाने पोपट सोडून दिला. मग त्याने खारीचा आवाज काढला, पाडस जरा अधिक रेंगाळले. कोतवालाने खार ध्यानात ठेवली. पाडसाला काय आवडते, हे त्याने पाडसाला कधी विचारले नाही. ते कशाने थांबते, एवढेच तो बघत गेला. थोड्याच दिवसांत पाडसाला स्वतःबद्दल जेवढे ठाऊक नव्हते तेवढे कोतवालाला ठाऊक झाले.

मग त्याला आणखी एक गोष्ट कळली. "पलीकडच्या कळपातलं पाडस तुझ्याहून उंच उडी मारतं म्हणे," असे तो म्हणाला की आपले पाडस इरेला पेटून दमेपर्यंत उड्या मारी. आणि एकदा त्याने उगीच बिबट्याची गुरगुर काढून पाहिली. चितळाची एक सवय असते, मुलांनो. भीती वाटली की ते पुढचा पाय जमिनीवर आपटते. पाडसाने पाय आपटला, पुन्हा आपटला, थरथरत तिथेच उभे राहून आपटतच राहिले. नाकतोड्यांचा नुसता पाऊस पडला. कोतवालाच्या घरी त्या दिवशी मेजवानी झाली. गमतीपेक्षा हेवा बरा आणि हेव्यापेक्षा भीती बरी, असा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसला, आणि वानरांची बिबट्याची हाकही तो रोज काढू लागला. पाडस घाबरत होते हे त्याला दिसत होते. पण नाकतोडे त्याहून जास्त दिसत होते.

हळूहळू पाडस दिवसभर माळावरच राहू लागले. पाठाला आले तरी त्याचे अंग ऐनाखाली आणि कान माळावर. झोपेत दचकून पाय आपटी. इतर पिल्लांशी खेळेनासे झाले. खेळणार तरी कसे? एव्हाना इतर कोतवालांनीही ही युक्ती उचलली होती आणि रानडुकराचे पिल्लू एका झुडपाशी, सांबराचे दुसऱ्या झुडपाशी, जो तो आपापल्या कोतवालापुढे कान टवकारून उभा असे. आईने समजावले, रागावून पाहिले, पण सगळे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती कोतवालाकडेच गेली.

"कोतवालदादा, माझ्या लेकराला तुम्ही काय ऐकवता? ते खात नाही, झोपत नाही."

"ताई, मी कुठे काय ऐकवतो?" कोतवाल गोड आवाजात म्हणाला. "ते जे ऐकून थांबतं, तेच मी म्हणतो. नको असेल तर त्यानं निघून जावं. मी काय त्याच्या पायाला दोरी बांधलीय?"

हरिणीने पाडसाच्या पायांकडे पाहिले. दोरी खरोखरच नव्हती. ती मान खाली घालून परत आली. घरी येऊन तिने पुन्हा पाडसालाच बोल लावला. पाडस रडवेले होऊन म्हणाले, "आई, मला पण निघायचं असतं गं. मी म्हणतो, आता एवढं ऐकून निघू. पण तोवर तो पुढचं सुरू करतो." हे ऐकून तिच्या काळजात चर्र झाले, पण काय करावे ते तिला कळेना.

आणि मग एका संध्याकाळी खरा बिबट्या आला.

नदीकडून दबकत दबकत तो माळाच्या कडेला पोचला. ऐनाच्या शेंड्यावरच्या पहारेकरी वानराने त्याला पाहिले आणि "खॅक, खॅक" अशी हाक दिली. चितळांचा कळप क्षणात उधळला. माळावरच्या पाडसानेही हाक ऐकली. पण ही हाक कोतवालाने त्याला इतक्यांदा ऐकवली होती की खरी कोणती आणि नकलेची कोणती हा भेदच त्याच्या कानांना उरला नव्हता. ते पळाले नाही. ते उभे राहून पाय आपटू लागले.

कोतवालाने वरून पाहिले. बिबट्याचे ठिपके गवतात हलताना त्याला स्वच्छ दिसले. तो वाईट नव्हता हो. पाडसाचे बरेवाईट व्हावे असे त्याला कधीच वाटले नव्हते. त्याने तेवढा विचारच केला नव्हता. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "पळ, खरंच बिबट्या आहे, पळ!" वानराच्या आवाजात ओरडला, मोराच्या आवाजात ओरडला, शेवटी स्वतःच्या आवाजातही ओरडला. पाडसाला वाटले, आजची नक्कल तर सगळ्यांत भारी आहे. ते आणखी कान देऊन ऐकू लागले.

लांबून त्याची आई टाहो फोडत होती. ऐनावरून सगळी टोळी हाका देत होती. अख्खे जंगल त्या एका पाडसाला हाका मारत होते आणि त्याला एकही हाक कळत नव्हती.

तेव्हा ती म्हातारी वानरी झाडावरून खाली उतरली.

वानराला झाडावर बिबट्याची तितकी भीती नसते. बारीक फांद्यांवर तो पोचू शकत नाही. पण जमिनीवर वानर म्हणजे आयती शिकार, हे टोळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. "आजी, कुठे निघालात?" असे कोणीतरी वरून ओरडले. ती थांबली नाही. वाकलेल्या पाठीने, गवतातून उड्या घेत ती थेट पाडसापाशी गेली आणि तिने त्याचा कान धरून करकचून पिळला.

हाकांची पाडसाला सवय झाली होती, हाताची नव्हती. ते भानावर आले. त्याने समोर पाहिले तर वानरी धापा टाकत होती आणि तिच्यामागे गवतातून दोन पिवळे डोळे पुढे सरकत होते.

"आधी पळायचं," वानरी म्हणाली.

पाडस पळाले. असे पळाले की त्याला आपले पाय जमिनीला लागल्याचेही कळले नाही. बिबट्याने झेप घेतली ती वानरीवर. तेवढ्यात कोतवालाने वरून सूर मारला आणि त्याच्या डोळ्याशेजारी चोच मारली. बिबट्याचा नेम चुकला. वानरीने जवळच्या पळसाचे खोड धरले आणि सरसर वर चढली, पण तिची लांब शेपटी मागे राहिली होती. पंजा शेपटीवर बसला. ती वर पोचली तेव्हा अर्धी शेपटी खाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे प्राणी ऐनाखाली जमले. वानरीच्या जखमेवर टोळीतल्या पोरींनी पाला चावून लावला होता. रानडुकरीण संतापली होती. ती म्हणाली, "या कोतवालांना आजच्या आज जंगलाबाहेर हाकला." एक पोक्त सांबर म्हणाले, "मला विचाराल तर चूक पाडसाची. त्याला अक्कल नको का? आमच्या लहानपणी नव्हतं असलं काही."

पाडस आईच्या पोटाखाली अंग चोरून उभे होते. वानरी जखमी होती, तरी तिच्या जिभेला धार होतीच.

"तुमच्या लहानपणी तुमच्यापुढे कोणी असा टपून बसला नव्हता, दादा," ती म्हणाली. "हे पाडस काल-परवा चालायला शिकलं. त्याच्यापुढे बसलेला जाणता आहे, रोज त्याचं बघून बघून शिकणारा आहे. आणि अक्कल आपण पाडसाला विचारतोय?" मग ती कोतवालाकडे वळली. "पायाला दोरी कुठे आहे, असं तू याच्या आईला विचारलंस म्हणे. दोरी दिसली असती तर लेकराने दातांनी तोडली असती रे. न दिसणारी कशी तोडावी?"

मग पाडसाची आई पुढे आली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज शांत होता.

"कोतवालदादा, काल तुम्ही बिबट्याला चोच मारलीत म्हणून आजी आज आपल्यात आहेत. तुमचे हे उपकार मी विसरणार नाही. आधी हे सांगते, मग एक विचारते. तुमची तीन पिल्लं रोज संध्याकाळी पाठाला येतात. ओळीने फांदीवर बसतात, मी बघते. त्यांना तुम्ही माळावर का नाही उभं करत? त्यांना का नाही ही नक्कल ऐकवत?"

ऐनाच्या फांदीवर कोतवालाची पिल्ले खरोखरच ओळीने बसली होती आणि बापाकडे बघत होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण त्या वेळी सगळ्यांच्याच ओठांवर आली असेल, पण बोलून कोणी दाखवली नाही.

कोतवाल पिल्लांकडे बघत म्हणाला, "कारण मला माहीत होतं, ताई. हे चांगलं नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं." त्याचा आवाज इतका बारीक निघाला की ती कोणाची नक्कल नाही हे सगळ्यांनी ओळखले.

मग त्याने सगळ्यांदेखत शब्द दिला, की धोक्याची हाक यापुढे नकलेत घेणार नाही, तान्ह्या पिल्लांपुढे बसणार नाही आणि इतर कोतवालांनाही बसू देणार नाही. रानडुकरीण म्हणाली, "शब्दावर कोण विश्वास ठेवणार?" वानरी म्हणाली, "शब्दावर नकोच ठेवायला. त्याने शब्द पाळावा आणि आपण माळावर पाळीपाळीने जागता पहारा ठेवावा. दोन्ही लागतं. नाकतोडे काय, कळप चरायला निघाला की उडतातच, उपाशी नाही मरणार तो." आणि तो खरेच उपाशी मेला नाही. जरा बारीक झाला, इतकेच.

पाडस मात्र एका दिवसात बरे झाले असे समजू नका. कितीतरी दिवस त्याचे कान आपोआप माळाकडे वळत. रिकामे बसले की काहीतरी हरवल्यासारखे त्याला होई. पण आता आई त्याला नुसती हाक मारत बसत नसे. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राही आणि दोघे मिळून वारा ऐकत. वाऱ्यात ऐकण्यासारखे काही फार नसते. तरी पाडसाला हळूहळू ते आवडू लागले. सांबराचे पिल्लू एकदा येऊन त्याला ढुशी मारून पळाले आणि हे त्याच्यामागे धावले, तेव्हा आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

एकदा पाठ चालू असताना पाडसाने वानरीला विचारले, "आजी, तुम्ही खाली उतरलात तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली तर."

"मग का उतरलात? मी तर तुमच्या पाठाला नीट यायचो पण नाही."

वानरी म्हणाली, "वरून हाका मारून बघितल्या ना सगळ्यांनी. तुला ऐकू येत नव्हतं. मग कोणीतरी खाली यायला नको का?" एवढे बोलून तिने त्याच्या नाकावर सालपट टाकले, कारण बोलता बोलता त्याचे पाठाकडे दुर्लक्ष झाले होते.

कोणी आपल्यासाठी एवढे करते तेव्हा शब्द अपुरेच पडतात, मुलांनो, आणि तसे ते पडलेलेच बरे. पाडसाने नुसती मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि त्याचे डोळे भरून आले.

पुढे वर्षे गेली. वानरी फार म्हातारी झाली. अर्ध्या शेपटीने तिचा तोल सांभाळेना, उंच फांद्या सुटल्या आणि उन्हाळ्यात झाडांवरचा ओलावा आटला की पाण्यासाठी तिला जमिनीवरून नदीपर्यंत चालत जावे लागे. म्हाताऱ्या वानरासाठी ती वाट साधी नव्हती. पण तिला त्या वाटेवर कधी कोणी एकटे पाहिले नाही. उंच शिंगांचा एक चितळ रोज झाडाखाली येऊन उभा राही, तिच्या पावलाने सावकाश चाले आणि काठावर पोचल्यावर तिच्याकडे पाठ करून जंगलाकडे तोंड करी. त्यालाही तहान लागलेली असे. पण वानरी पाणी पिऊन पुन्हा झाडावर चढेपर्यंत त्याने कधी पाण्याला तोंड लावले नाही.

तात्पर्य : आपण थांबल्याने ज्याचे पोट भरते, तो आपल्याला थांबवण्याची युक्ती शोधणारच, तिचा दोष लहानग्यांच्या माथी मारू नये, जाणत्यांनी जबाबदारी घ्यावी. आणि जो आपल्यासाठी झाडावरून खाली उतरतो, त्याचे उपकार जन्मभर आठवावेत.